हायडेलबर्गमधले पहिले सहा आठवडे: तुमचे अनुभव सांगा

ऑक्टोबरात पुन्हा नवी मुलं इकडे, जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात शिकायला निघतील. व्हिसा आणि फीची माहिती कुठेही मिळते. मला हवंय ते उतरल्यानंतरचं. कुठे आपटलात, कशावर तग धरलात? सुरुवात मीच करते.

मी २०२४ च्या ऑक्टोबरात आले. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी खर्चाची हमी म्हणून उघडायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो बाबांनी भरलेले, म्हणून आपण श्रीमंत अशी माझी समजूत. प्रत्यक्षात त्यातले महिन्याला ९९२ सुटतात, तेही चालू खातं असेल तर. माझ्या बँकेला त्यासाठी पत्त्याची नोंदणी हवी, नोंदणीला घर देणाऱ्याच्या सहीचा कागद हवा, आणि आमच्या घरमालकीणबाई इटलीत सुट्टीवर. नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते. सही मिळाली सतराव्या दिवशी. तोवर आईने दिलेले तीनशे युरो आणि थालीपिठाची भाजणी. परात नव्हती, सॅलडच्या वाडग्यात मळायचे. त्या कागदाचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. उच्चार नाही जमला तरी चालेल, पण किल्ली हातात घेतानाच सही घ्या.

चहाबाज
माझा घोळ घड्याळाचा. प्राध्यापकांनी भेटायला 'हाल्ब फिअर'ला बोलावलं. फिअर म्हणजे चार, हाल्ब म्हणजे अर्धा, म्हणून मी साडेचारला हजर. दाराला कुलूप. हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन, चारच्या वाटेवर अर्धं! नंतर लक्षात आलं की आपण पावणेचार म्हणतो तेव्हा तरी तीनला कुठे विचारतो? एकवीसही तसंच: 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. वर्गातले बाकीचे परदेशी इथे अडखळत होते, मी सुटलो. आकडे इंग्रजीतून आठवू नका, मराठीतून आठवा.

मालवणी चेडू
व्याकरणाचंही तेच. तीन लिंगं ऐकून सगळे हवालदिल. मुलीला, म्हणजे 'मेडशन'ला, नपुंसकलिंग कसं, यावर एक स्पॅनिश मैत्रीण चक्क चिडली होती. मी गप्प. आमच्याकडे 'चेडू' नपुंसकलिंगीच की!

बाकी वेळेचं मी पुढे नेते. वेळापत्रकात ९ च्या पुढे 'सी. टी.' लिहिलं असेल तर तास ९.१५ ला सुरू होतो. घंटा ऐकून पोचायच्या काळातली जुनी रीत आहे म्हणतात. 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. ही सूट फक्त विद्यापीठात, कचेरीतल्या अपॉइंटमेंटला नाही. हे मला दुसरी अपॉइंटमेंट घेताना कळलं.

मानहाइमकर
फोटोतलं हायडेलबर्ग आणि भाड्याचं हायडेलबर्ग ही दोन वेगळी गावं आहेत. किल्ला, जुना पूल, हाउप्टश्ट्रासं हा मुख्य रस्ता, सगळं नेकर नदीच्या दक्षिणेला. माझी प्रयोगशाळा उत्तरेला, नॉयनहाइमर फेल्डमध्ये, सिमेंटच्या चौकोनी इमारतींत. आणि खोली दोन्हीकडे नाही.

इथे शेअर फ्लॅटला 'वेगे' म्हणतात आणि तिथे आधी मुलाखत होते. सोफ्यावर तिघं, समोर खुर्चीवर मी. आवडीनिवडी काय, स्वयंपाक येतो का, रात्री उशिरापर्यंत जागतोस का. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच, फक्त पोहे नाहीत. नऊ नकार पचवले. दहाव्याला शेजारच्या मानहाइम शहरात खोली मिळाली. लोकलने येता-जाता फार वेळ जात नाही आणि भाडंही झेपतं. मुली दाखवून नकार कळवणारे माझे मामा हल्ली मला राहूनराहून आठवतात.

किल्ला मी चौथ्या महिन्यात पाहिला. त्याआधी विद्यार्थ्यांची जुनी कोठडी पाहिली, 'कार्त्सर'. १९१४ पर्यंत दंगेखोर पोरांना विद्यापीठच डांबायचं, मात्र तासांना बसायला सोडायचं. भिंती-छत चित्रांनी भरलेलं. बिनभाड्याची खोली, तीही ऐन जुन्या गावात!

रविवारची भूक
शनिवारी रात्रीपर्यंत वाणसामान भरा. रविवारी दुकानं बंद. प्लॅस्टिकच्या बाटल्या फेकू नका, बहुतेकींचे २५ सेंट परत मिळतात. बस.

कऱ्हेपठार
मी जेजुरीजवळचा, विषय भौतिकशास्त्र. २०२२ च्या ऑक्टोबरात आलो. नोव्हेंबरात पाचला काळोख व्हायला लागला आणि मन बसेना. २९ तारखेला चंपाषष्ठी. घरी तळी भरताना व्हिडिओ कॉल आला आणि नंतर खोलीत थांबवेना. फोसश्ट्रासंवर आशियाई अभ्यासाचं ग्रंथालय आहे असं ऐकलं होतं, उबेसाठी शिरलो. मराठी पुस्तकं दिसली. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा, धनगरांच्या ओव्या. या देवांचे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर याच विद्यापीठाच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये होते, १९९२ मध्ये वारले. आमच्या डोंगरातल्या देवांमागे हा माणूस वर्षानुवर्षं धनगरवाड्यांतून हिंडला, आणि मला शाळेत कुणी त्याचं नावही सांगितलं नव्हतं. आजी जी ओवी म्हणायची तिच्या जवळची एक ओवी सापडली. तिथेच बसून फोनवर आजीला वाचून दाखवली, कुजबुजत. शेजारच्याने दोनदा वळून पाहिलं. आजी म्हणाली, "दुसरी ओळ चुकलीय."

नवखी
मी येत्या ऑक्टोबरात येतेय. सगळं वाचलं. बॅगेत परात ठेवू का?

धागाकर्ती
ठेव. आणि जागा उरली तर भाजणी, माझी संपलीय.