मदत हवी आहे: कॅन्टोनीज येतं, मँडरिनचे सूर अडतात

हाँगकाँगमध्ये नोकरी करतो. कॅन्टोनीज (इथली चिनी बोली) अस्खलित, चिनीची पारंपरिक लिपी वाचता येते, मुख्य चीनमधली सोपी लिपीही अंदाजाने लागते. आता आठवड्यातून दोनदा शेजारच्या मुख्य चीनमधल्या शेन्झेन शहरात मीटिंग असते, तिथे मँडरिन (चीनची प्रमाण भाषा) लागतंच.

पिनयिन (मँडरिनचे उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) शिकून झालं. नवशिक्यांचा ऑनलाइन कोर्स तीन आठवड्यांत सोडला, कारण अर्धे तास ओळखीची अक्षरं गिरवण्यातच जात. पिनयिनमधल्या 'z' आणि 'j' चा फरक मराठीमुळे जमतो ('जग' आणि 'जीव' मधले दोन वेगळे 'ज' इथे कामी आले!), जीभ मागे वळवायचा तिसरा उच्चार, 'zh', मात्र अजून कच्चा आहे.

खरी अडचण प, त, क वर संपणाऱ्या शब्दांची. कॅन्टोनीजमध्ये 'पात' (आठ), 'पाक' (शंभर), 'क्वोक' (देश) एकाच सुरात (सूर म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणारा आवाजाचा चढ-उतार). मँडरिनमध्ये शेवटचं व्यंजन गायब आणि सूर अनुक्रमे पहिला, तिसरा, दुसरा. बाकीच्या शब्दांचा सूर कॅन्टोनीजवरून बराचसा ताडता येतो, इथे सगळं बिनसतं.

क्लासला जाणं शक्य नाही. रोज ट्रेनमधली चाळीस मिनिटंच हातात आहेत. परीक्षा द्यायची नाही, बोलता आलं पाहिजे.

कॅन्टोनीजवरून मँडरिनकडे गेलेलं कुणी आहे का इथे? या शब्दांचे सूर एखाद्या नियमाने लावलेत, की सरळ पाठ केलेत?