आठवड्याची गोळी रोज दिली गेली, तक्रार नक्की कोणाची करायची?

मधलीसून: सासूबाईंना संधिवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदाच. मध्ये न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट केलं होतं, घरी सोडताना दिलेल्या कागदावर तीच गोळी 'रोज रात्री 1' अशी लिहिलेली आणि मीच पाच दिवस दिली हो! तोंडात फोड आले, पाणीसुद्धा गिळता येईना, तेव्हा जुनी फाईल काढून बघितली आणि हातपायच गळाले. लगेच परत नेलं, रक्तातल्या पेशी खूप उतरलेल्या, ल्युकोव्होरिन (या गोळीवरचा उतारा) दिलं, आता बऱ्या आहेत. पण लिहिलं एकाने, समजावलं दुसरीने, गोळ्या दिल्या दुकानदाराने, एकालाही खटकलं कसं नाही??

रात्रपाळी: ताई, आधी स्वतःला दोष देणं थांबवा. मी वॉर्डात नर्स आहे. आम्हाला शिकवतात योग्य पेशंट, योग्य औषध, डोस, मार्ग, वेळ, पण कागदच चुकला असेल तर आम्ही चुकीची गोळी अगदी बरोब्बर वेळेवर देतो! मी स्वतः एकदा इन्सुलिनचं घाईत लिहिलेलं '4U' (U म्हणजे युनिट) हे 40 वाचलंय, U शून्यासारखा दिसला, सिरिंज भरून हातात होती, सोबतच्या सिस्टरने अडवलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी पूर्ण 'युनिट' लिहिते आणि इन्सुलिन दोघींनी बघितल्याशिवाय देत नाही.

गोळीवाला: फार्मासिस्ट आहे. मेथोट्रेक्सेटची ही चूक जगभर होते, नवीन नाही. बहुतेक गोळ्या रोजच्याच असतात त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात सवयीने 'रोज' लिहितो, वाचणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. त्यात सोबत फॉलिक ॲसिड असतं, ते वेगळ्या दिवशी, आणि दोन्ही गोळ्या पिवळ्या असल्या की संपलंच. चिठ्ठीवर वाराचं नाव हवं, 'फक्त बुधवारी, संधिवातासाठी' असं. वार नसेल तर मी फोन करतो, डॉक्टर चिडले तरी चालेल. तुमच्या दुकानदाराने तो केला नाही, ही आमच्या बाजूची चूक, मान्य.

स्पष्टवक्ता: म्हणजे सगळ्यांनी मिळून चूक केली की कोणीच जबाबदार नाही, असंच ना? छान सोय आहे.

रात्रपाळी: तसं नाही हो. जबाबदारी आहेच. पण एका ज्युनिअरला घालवून काय होणार, तोच कोरा फॉर्म पुढचा ज्युनिअर भरणार. आणि शिक्षेची भीती बसली की लोक थोडक्यात टळलेल्या चुका सांगतच नाहीत, मी माझं 40 युनिटचं कोणालाही न सांगता गिळलं असतं तर? ताई, लेखी तक्रार कराच, पण त्यात विचारा की जुनी औषधं आणि घरी जातानाची यादी कोणी शेजारी ठेवून ताडून बघितली. ही पायरी बहुतेक वेळा घाईत सुटते.

मधलीसून: काल पत्र दिलं, हाच प्रश्न पहिला टाकला. आणि गोळीच्या डबीवर जाड पेनाने 'बुधवार' लिहिलंय, सासूबाई म्हणतात माझ्या गोळीला बारसं केलंस.