पीएचपीचं रूटिंग (कोणता पत्ता कोणत्या कोडकडे जावा याचे नियम) कुठं लिहावं: डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये की सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये?

बर्डीकर: व्हीपीएस (पूर्ण ताबा असलेला भाड्याचा सर्व्हर) घेतला असेल तर डॉट-एचटीअ‍ॅक्सेस बंदच करा. फोल्डरमधल्या या नियमांच्या फाइलची परवानगी असली की अपाची हा वेब सर्व्हर ती दर रिक्वेस्टला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये शोधतो, साध्या लोगोसाठीसुद्धा. ती वाचणं बंद करायला 'अलाउ-ओव्हरराइड नन' करा आणि नियम कॉन्फिगमध्ये न्या. सगळं इंडेक्स-पीएचपी या साइटच्या मुख्य फाइलकडेच पाठवायचं असेल तर रीराइटही (पत्ता बदलणारे नियम) नको. 'फॉलबॅक-रिसोर्स' ही एक ओळ पुरते, अपाची २.२.१६ पासून आहे.

खामल्याहून: पटत नाही भाऊ. कळमन्यातल्या व्यापाऱ्याची साइट असते शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), तिथं रूट, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण अधिकार, कोण देणार? अपाचीवर वर्डप्रेसचे पर्मालिंक (पानांचे कायमचे पत्ते) बदलले की नवे नियम डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्येच जातात. ती फाइल वाचणं थांबलं आणि नियम दुसरीकडे नेले नाहीत, तर मुखपृष्ठ उघडतं आणि '/भाव/संत्री' ४०४ (पान सापडलं नाही) देतं.

शिवाय नियम जसेच्या तसे व्हर्च्युअल होस्टमध्ये (कॉन्फिगमधला एका साइटचा भाग) चिकटवले तर मोडतात. डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये पत्त्याचा पहिला स्लॅश कापलेला असतो, व्हर्च्युअल होस्टमध्ये तो असतो. म्हणून '^भाव/' ('भाव/'नं सुरू होणारा पत्ता) तिथं कधीच जुळत नाही. त्याहून वाईट म्हणजे तिथं रिक्वेस्ट-फाइलनेममध्ये (मागितलेली फाइल सांगणारं व्हेरिएबल) डिस्कवरचा पत्ता अजून आलेला नसतो, नुसता यूआरएल असतो. 'फाइल नसेल तर' ही अट नेहमी खरी ठरते आणि फोटो, सीएसएस सगळं इंडेक्स-पीएचपीवर जाऊन आदळतं.

बर्डीकर: शेअर्ड होस्टिंगचं मान्य, तिथं इलाज नाही. पण स्लॅशच्या भानगडीला उपाय आहे. नियम 'डिरेक्टरी' ब्लॉकमध्ये ठेवा, तिथं ते डॉट-एचटीअ‍ॅक्सेससारखेच चालतात.

खामल्याहून: आणि चूक झाली तर? डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमधल्या चुकीनं तेवढ्या साइटला ५०० (सर्व्हरमधली चूक) येतो. कॉन्फिग चुकलं तर रीस्टार्टला अपाची उठतच नाही, त्यावरच्या सगळ्या साइट बंद.

बर्डीकर: म्हणून रीस्टार्ट करायचंच नाही. आधी कॉन्फिगटेस्ट (कॉन्फिग तपासणारी आज्ञा), मग ग्रेसफुल (सर्व्हर न थांबवता नवं कॉन्फिग लावणं). चूक सापडली तर चालू सर्व्हर जुन्या कॉन्फिगवर चालत राहतो.

मानेवाडा: एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर येणाऱ्यांनी हे आधी वाचा: तो डॉट-एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही. अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी चालू नये म्हणून त्यात लिहिलेली बंदी गुपचूप नाहीशी होते, आणि डॉट-ईएनव्ही ही गुप्त सेटिंगची फाइल पासवर्डसकट ब्राउझरमध्ये उघडू शकते. डॉक्युमेंट रूट (सर्व्हर ज्यातून फाइली देतो तो फोल्डर) 'पब्लिक' फोल्डरवरच ठेवा. डॉटनं सुरू होणारे पत्ते अडवा, पण 'डॉट-वेल-नोन' मोकळा सोडा. लेट्स-एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेची तपासणी त्या वाटेनं होत असेल तर तो अडवल्यावर सर्टिफिकेट रिन्यू होत नाही.

एनजिनएक्सच्या ट्राय-फाइल्स (फाइल कुठं कुठं शोधायची तो क्रम) या ओळीच्या शेवटी इंडेक्स-पीएचपीसोबत क्वेरी-स्ट्रिंगही (पत्त्यातला '?' नंतरचा भाग) लिहा. ती राहिली तर शोधाचं पान उघडतं, पण पीएचपीच्या 'गेट'मध्ये काहीच येत नाही, आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

खामल्याहून: हेच म्हणतो मी. एक साइट हलवायची तर इतकं सांभाळावं लागतं. चालू आहे तिथं डॉट-एचटीअ‍ॅक्सेस राहू द्या. नवे रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) मात्र आधी ३०२ ने (तात्पुरता) तपासा. चुकीचा ३०१ (कायमचा) गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये साठून बसतो, मग सर्व्हरवर कितीही दुरुस्त केलं तरी त्याला ते चुकीचंच पान दिसतं.