हिपॅटायटिस सी : उपचार पूर्ण होऊनही विषाणू परतला, आता पुढे काय?

प्रश्न

माझ्या वडिलांचे वय ६१ आहे. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्यांचा बारा आठवड्यांचा उपचार त्यांनी एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. उपचार संपला तेव्हा रक्तात विषाणू आढळला नव्हता, पण त्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या आरएनए तपासणीत (रक्तातील प्रत्यक्ष विषाणू शोधणारी तपासणी) तो पुन्हा सापडला. विषाणूचा जीनोटाइप (जनुकीय प्रकार) ३ आहे. उपचाराआधी फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झाले आहे ते मोजणारी तपासणी) झाला नव्हता. आता केला तर १९ किलोपास्कल आला आणि प्लेटलेट ९८ हजार आहेत. पोटात पाणी नाही, कावीळही नाही. एक डॉक्टर काही काळ थांबायला सांगतात, दुसरे लगेच उपचार सुरू करावेत म्हणतात. वडील स्वतः खचले असून आणखी गोळ्या नकोत असे म्हणतात. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी यकृतविकारांच्या रुग्णांसोबत काम करतो. सर्वप्रथम वडिलांना हे आवर्जून सांगा, की यात त्यांची काहीही चूक नाही. १९ किलोपास्कल आणि कमी प्लेटलेट यांवरून त्यांना सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणे) असावा असे दिसते. जीनोटाइप ३ आणि सिरोसिस एकत्र असताना हीच जोडी बारा आठवडे दिली, तेव्हा २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सुमारे ६३ टक्के रुग्णच बरे झाले होते, आणि सिरोसिस नसलेल्यांत हेच प्रमाण ९६ टक्के होते. फायब्रोस्कॅन आधी झाला असता तर उपचाराची आखणी बहुधा वेगळी झाली असती.

पुढील उपचारांचा निर्णय मुख्यतः यकृत अजून काम सांभाळते आहे की नाही यावर ठरतो. ते सांभाळत असेल, तर सोफोसबुविर, वेल्पाटासविर आणि वोक्सिलाप्रेविर ही तिहेरी गोळी बारा आठवडे घेतल्यास, आधीच्या गोळ्यांना दाद न दिलेल्या रुग्णांतही फार चांगले यश मिळते. मात्र पोटात पाणी किंवा कावीळ झालेल्या रुग्णाला वोक्सिलाप्रेविर देता येत नाही. तेव्हा सोफोसबुविर-वेल्पाटासविरसोबत रिबाविरिन हे आणखी एक विषाणूरोधक औषध २४ आठवडे देण्याचा मार्ग उरतो. तिहेरी गोळीची मुभा वडिलांना आज आहे, म्हणूनच सिरोसिस असताना विनाकारण थांबू नये, असे माझे ठाम मत आहे.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे. त्यात औषधे मोफत मिळतात आणि गुंतागुंतीचे रुग्ण मॉडेल ट्रीटमेंट सेंटरकडे (या कार्यक्रमातील वरच्या स्तरावरील उपचार केंद्र) पाठवले जातात. तिथे जाताना आधीच्या उपचाराचे सगळे कागद आणि दोन्ही आरएनए अहवाल न्या. अँटीबॉडीची तपासणी पुन्हा करण्यात अर्थ नाही, कारण बरे झालेल्या माणसातही ती पॉझिटिव्हच राहते.

प्रतिसाद २

माझ्या भावाने दुसऱ्या फेरीत रिबाविरिनसह २४ आठवडे काढले. हिमोग्लोबिन इतके उतरले की जिना चढतानाही त्याला मधल्या पायरीवर टेकावे लागे. डॉक्टरांनी मात्रा कमी केल्यावरच त्याला उभारी आली. त्यामुळे हे औषध दिले गेले, तर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणी मुळीच टाळू नका. या काळात आणि नंतरचे सहा महिने पत्नीला दिवस राहू नयेत, हेही भावाला बजावून सांगितले होते. आता त्याच्या रक्तात विषाणू नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वडील रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतात. त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद १

निश्चितच पडतो, आणि हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. वेल्पाटासविर शोषले जाण्यासाठी पोटातील आम्ल लागते. ओमेप्राझोलसारख्या गोळीने ते कमी झाले की औषध रक्तात पुरेसे पोहोचत नाही. तसेच हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन, क्षयासाठी रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठी फेनिटॉइन सुरू असेल, तर तेही लपवू नका. हिपॅटायटिस बी ची तपासणी झालेली नसल्यास ती करून घ्या, कारण सी दबला की दडलेला बी उसळू शकतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी बरे झाल्यावर लोक विसरतात. विषाणू गेला तरी सिरोसिस असलेल्या यकृतात कर्करोगाचा धोका राहतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागेल. उपचाराचा निकाल काहीही येवो, पुढची तारीख आत्ताच ठरवून घ्या.