सीपॅकला विद्यार्थी म्हणून गेलेल्यांचे अनुभव

पाऊलखूण
काल जुन्या कागदपत्रांची पेटी आवरताना 2015 च्या सीपॅकचा गळ्यात घालायचा बिल्ला हाती लागला आणि पुढची आवराआवर तशीच राहिली. राज्यशास्त्राच्या एका निबंधासाठी, विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या तिकिटावर मी अमेरिकी पुराणमतवाद्यांच्या त्या वार्षिक मेळाव्याला गेलो होतो. तिथे सगळी पिकल्या केसांची माणसे भेटतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मेरीलँडमधील नॅशनल हार्बरच्या त्या हॉटेलात, जिथे काचेच्या उंच भिंतीपलीकडे पोटोमॅक नदी दिसते, रांगेतले बहुतेक जण माझ्याच वयाचे होते. माझ्या पुढच्या मुलाच्या कोटाच्या बाहीवर दुकानातले लेबल अजून शिवलेलेच होते.

डेमोक्रॅटांविरुद्धच्या घोषणा टिपायच्या म्हणून मी वही नेली होती, पण ती भरली पुराणमतवाद्यांच्याच आपसातील भांडणांनी. माजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे भाऊ, रिपब्लिकन पक्षाचे जेब बुश मंचावर आले, तेव्हा अठराव्या शतकातला पोशाख केलेले एक गृहस्थ पिवळा ध्वज घेऊन उठले आणि त्यांच्यामागून काही श्रोते सभागृहाबाहेर निघाले. बुश यांचे समर्थक त्याच वेळी टाळ्या वाजवत होते. शेवटच्या दिवशी जाहीर झालेल्या स्ट्रॉ पोलमध्ये, म्हणजे अध्यक्षपदासाठी कोण हवे यावर उपस्थितांच्या अनौपचारिक मतदानात, सिनेटर रँड पॉल सलग तिसऱ्या वर्षी पहिले आले आणि लाल टी-शर्ट घातलेली त्यांची तरुण फौज नाचू लागली. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून आयोवा राज्यातील पहिल्याच फेरीनंतर पॉल यांनी माघार घेतली, तेव्हा मला ते लाल टी-शर्ट आठवले.

आपल्यापैकी आणखी कोणी गेले असल्यास जरूर लिहावे.

तळटीप
2011. त्या वर्षी मेळावा वॉशिंग्टन शहरात होता. इराक युद्धाच्या काळातले संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांचा गौरव करायला तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी अचानक अवतरले आणि त्या युद्धाला विरोध करणाऱ्या रॉन पॉल (रँड यांचे वडील) यांच्या समर्थकांनी दोघांचीही हुर्यो उडवली. माझ्या डाव्या बाजूचा मुलगा ओरडत होता, तर उजवीकडचे निवृत्त सैनिक संतापाने थरथरत होते. मध्ये मी, मांडीवर सँडविच घेऊन. स्ट्रॉ पोल अर्थातच रॉन पॉल यांनी जिंकला. 1974 च्या पहिल्या सीपॅकमध्ये पुढे अध्यक्ष झालेले रेगन बोलले होते, हे मात्र दोन्ही बाजूंनी मला अभिमानाने सांगितले.

उंबरठा
कुकर लावून लिहीत आहे, म्हणून थोडक्यात. मेट्रो नॅशनल हार्बरपर्यंत जात नाही आणि हे मला उसना कोट व नवे बूट घालून निघाल्यावर कळले. पहिल्या दिवसाच्या भाषणांपैकी मला फक्त टाचेची सल आठवते. पाऊलखूण, त्या लेबलचे पुढे काय झाले?

सांजवात
मी 2020 च्या फेब्रुवारीत गेले होते. चार दिवस हस्तांदोलने आणि सेल्फी झाल्यावर घरी परतले, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की उपस्थितांपैकी एकाला करोनाची लागण झाली होती. सिनेटर टेड क्रूझ यांनीही त्याच्याशी हस्तांदोलन केले होते, म्हणून ते घरी विलगीकरणात बसले. मी कोणाकोणाचे हात हातात घेतले होते, याची यादी करताना एकही नाव मला धड आठवेना. खोलीतली मैत्रीण मात्र त्याच रात्री उशी घेऊन दुसरीकडे राहायला गेली.

तळटीप
@सांजवात, यादीत क्रूझ होते का?

सांजवात
नव्हते. त्यांच्या रांगेत मी तासभर उभी राहिले आणि कंटाळून निघून आले.

पाऊलखूण
@उंबरठा, त्या मुलाशी नंतर बोलणे झाले. मी व्हिसावर शिकत आहे, हे कळल्यावर कायदेशीर मार्गाने येणाऱ्यांना आपला मुळीच विरोध नाही, असे त्याने मला दोनदा सांगितले, आणि सभागृहात स्थलांतराचा विषय निघताच आमच्या रांगेतून सर्वांत आधी उठून तोच ओरडला. नंतर खाली बसून त्याने माझ्याकडे पाहिले, मीही पाहिले, आणि काहीतरी बोलायचे म्हणून मी त्याला बाहीवरचे लेबल दाखवले. त्याने ते दातांनी तोडले. दोरा तेवढा शेवटपर्यंत लोंबत होता.