शब्दचर्चा : हरकत 'घेतो' की 'नोंदवतो'?

प्रश्न : गावात 15 ऑगस्टच्या ग्रामसभेची नोटीस लागली आहे. गायरानातून जाणाऱ्या रस्त्याला आमचा विरोध आहे. अर्जात 'हरकत घेतो' लिहू की 'हरकत नोंदवतो'? दोन्ही एकच ना?

प्रतिसाद : एकच नाहीत. हरकत घेतली म्हणजे तुम्ही सभेत उठून बोललात. नोंदवली म्हणजे ती प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या लेखी इतिवृत्तात उतरली. सहा महिन्यांनी वरच्या कार्यालयात दाद मागाल तेव्हा 'मी बोललो होतो' याला कोणी विचारत नाही, इतिवृत्ताची नक्कल मागतात. त्यामुळे 'हरकत नोंदवत आहे, ती इतिवृत्तात घ्यावी' असं स्पष्ट लिहा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

प्रतिसाद : 'सूचना' हा शब्दही जपून वापरा. नोटिशीत 'सभेची सूचना' म्हणजे गावाला दिलेली खबर, ती किमान सात दिवस आधी द्यावी लागते. 'हरकती व सूचना' मधली सूचना मात्र लोकांकडून वर जाते. रस्ता नकोच असेल तर ती हरकत. रस्ता ओढ्याकडून न्या म्हणालात तर ती सूचना, आणि मग रस्ता तत्त्वतः मान्य आहे असा अर्थ काढायला वाव राहतो. विरोध असेल तर विरोधच लिहा.

प्रश्नकर्ती : विषयपत्रिकेवर रस्ता नाहीच. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' एवढंच आहे.

प्रतिसाद : मग आधीच लेखी अर्ज देऊन विषय घ्यायला लावा. आयत्या वेळी परवानगी नाही मिळाली तर काय करणार? कोरमचंही, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचंही बघा. 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांत जे कमी असेल तेवढे हवेत. ते नसले की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मोजक्या माणसांत ठराव होतात ते अशा वेळी. माणसं घेऊन जा, आणि त्याआधीच्या महिला सभेतही हाच विषय मांडा.

प्रतिसाद : आणखी एक शब्द, 'सर्वानुमते'. ठरावाखाली सूचक-अनुमोदकांच्या नावांबरोबर तो सवयीने लिहिला जातो. एकानेही विरोध केला असेल तर तो ठराव बहुमताचा आहे, सर्वानुमते नाही. तिथल्या तिथे दुरुस्ती मागा. पर्यावरण परवानगीच्या जनसुनावणीत 2006च्या अधिसूचनेनुसार कामकाजाचा गोषवारा शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. ग्रामसभेतही 'ठराव वाचून दाखवा' म्हणायला काहीच संकोच नको. मला तर हीच सगळ्यांत महत्त्वाची मागणी वाटते.

प्रश्नकर्ती : अर्जात असं लिहिते : 'गट क्रमांक अमुकच्या गायरानातून प्रस्तावित रस्त्यास माझी हरकत आहे. ती इतिवृत्तात नोंदवून ठराव सभेत वाचून दाखवावा.'

प्रतिसाद : छान. तारीख आणि सही विसरू नका.