चष्म्याचा नंबर काढायला नोंदणी कशाला?

टिळकवाडीकर: काल इथे एका दुकानदारांनी लिहिलं, "मशीन नंबर देतं, गिऱ्हाईक दिसतंय म्हणतं, मग लायसन्सचं लोढणं कशाला?" मशीनचा आकडा म्हणजे फक्त सुरुवात. आत डोकावताना लहान मुलाचा डोळा जवळ फोकस करतो आणि उणे नंबर फुगतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सायक्लोपेंटोलेट, म्हणजे डोळ्याचं फोकस सैल करणारे थेंब, घालून अर्ध्या-पाऊण तासाने रेटिनोस्कोपी करायची, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून हाताने नंबर काढायचा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टला, म्हणजे नजर तपासून नंबर काढणाऱ्याला, आरोग्य व्यावसायिकांत धरलंय. तशा पदवीला किमान ३,६०० तासांचं शिक्षण लागतं. नोंदणी हवीच!

खानापूरवाला: आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे पदवीवाला कोण येऊन बसणार? चाळिशीचा +१.०० ते +३.०० चा तयार चष्मा मिळतोच. तेवढ्यासाठी म्हाताऱ्यांना बेळगावला हेलपाटा घालायला लावायचा?

निपाणीकर: पदवीचं राहू दे, आधी जवळचा तक्ता बघा. इकडे कन्नड नाहीतर इंग्रजी. मराठीच वाचणाऱ्या आजी गप्प बसतात, तपासणारा अॅड, म्हणजे जवळचा जादा नंबर, पाव-पाव वाढवत नेतो. नंबर चढतो आणि मग पोथी नाकाशी धरावी लागते.

टिळकवाडीकर: प्रत्येक धाग्यात भाषावाद आणायलाच हवा का? अंकांचा तक्ता आहे, नुसती दिशा दाखवायचा उलटसुलट ई चा आहे.

निपाणीकर: ई लांबच्या नजरेला ठीक. जवळचं सलग मजकुरावर तपासतात. अनुस्वार, रफार, उकार निसटतोय हे ई वर कळणार कसं? रुग्णाची तक्रार आहे ही, राजकारण म्हणून झटकू नका!

वडगावकर: आणि अंतर? सगळ्यांना ४० सेंटीमीटरवर तपासतात. मागावर सूत जोडणारा नेमका किती लांब बघतो ते टेपने मोजा. ४० ला २.५० डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरचं माप) जोर लागतो, ५० ला २.००. पेपरसाठी दिलेला नंबर मागावर धूसरच दिसणार.

टिळकवाडीकर: बरं, तक्ता आणि अंतर, दोन्ही मान्य. पण हेच तर शिकलेल्या माणसाचं काम!

खानापूरवाला: शिकलेल्याने काढलेला नंबरही दुकानात बिघडतो. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ५ मिलिमीटर चुकला की −६.०० च्या चष्म्यात ३ प्रिझम डायॉप्टर घुसतात, म्हणजे काच प्रतिमा बाजूला सरकवते. डोकं दुखतं, दोष नंबरला. तुमच्या नोंदणीने काच बसवणारा कुठे सुधारतो?

टिळकवाडीकर: मग त्यालाही प्रशिक्षण सक्तीचं करा. एक चूक दाखवून दुसरी झाकू नका.

खानापूरवाला: ठीक, लहान मुलं आणि साखरवाले तुमच्याकडे. साखर चढ-उतार करते तेव्हा नंबरही हलतो, ती स्थिर होईपर्यंत चष्मा करू नये, हे मीही सांगतो. पण साध्या चाळिशीला तरी सोडा.

टिळकवाडीकर: चाळिशीलाच सोडायचं नाही. काचबिंदूत मधली नजर बराच काळ ६/६ राहते, कडेची जाते. जवळच्या चष्म्यासाठी माणूस आपण होऊन येतो, तेव्हाच डोळ्याचा दाब मोजून डोळ्याची नस बघायची. तयार चष्मा घेऊन गेलेला पुन्हा येतो तोवर गेलेली नजर परत मिळत नाही.